न्हायच्या दिवशी

"वन्सं, आधी पोर उचला," मी म्हणाले आणि हातातला तांब्या तसाच टाकून ओसरीकडे धावले.

ओसरीवर माझी सून वैजू ओले केस पाठीवर सोडून उन्हाला बसली होती. मांडीवर तीन महिन्यांची मैथिली. लांबून बघणाऱ्याला काही वाटलं नसतं, न्हालेली बाई अशीच बसते. पण तिचे डोळे एका बाजूला लागले होते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते आणि उजवा हात पदराचा काठ चोळत होता. "अजून," ती म्हणत होती. "अजून. अजून." मांडी सैल पडली होती आणि पोर हळूहळू तिच्या गुडघ्याकडे घसरत चाललं होतं.

आक्कावन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, पोर वेळेवर उचललं. वैजूचा हात खांबावर आपटला आणि दोन बांगड्या वाढल्या. थोड्या वेळानं तिनं झोपेतून उठल्यासारखी मान हलवली. आमच्याकडे बघितलं, मग रिकाम्या मांडीकडे.

"परत झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"पोर पडलं?"

"नाही गं बाई. वन्संनी धरलं."

ती खाली बसून काच वेचायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती काच वेचत राहिली, ते मला फार लागलं.

आम्ही कासार. फलटणच्या बाजारात आमचं बांगड्यांचं छोटं दुकान आहे. हे गेल्यापासून मी आणि माझा मुलगा हेमंत ते चालवतो. कासारणीला तोंड चालवावंच लागतं. बाईचा हात आवळून धरायचा, तिला बोलण्यात गुंतवायचं आणि ती हसली की तेवढ्यात बांगडी चढवायची. त्यामुळं माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. पण वैजूच्या बाबतीत मी बोलून बोलून थकले होते.

वैजू लहान असतानाच तिची आई गेली. बापाच्या घरी बादलीभर पाण्यात पोरीनं आपलं आपणच सगळं उरकायचं. लग्न होऊन आली तेव्हा गुडघ्यापर्यंत केस, पण नुसते राठ. मी म्हटलं, बाई, आता तुला मी न्हाऊ घालणार. दर शुक्रवारी मी पाणी तापवायचा बंब पेटवायची, शिकेकाई उकळायची. आणि लग्नानंतर दोनेक महिन्यांतच तिला हे असं व्हायला लागलं. थोडा वेळ ती आमच्यात नसायची, मग परत यायची. काय झालं ते तिला आठवायचं नाही. डोकं तेवढं दुखायचं.

गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. दुकानात मी चार दुकानं पलीकडं ऐकू जाईल असं बोलते, पण दवाखाना माणसांनी भरलेला, त्यात परका पुरुष आणि बाईमाणसाच्या न्हाण्याधुण्याची गोष्ट, म्हणून मी आवाज खाली आणला. "डॉक्टरसाहेब, हिला न्हायच्या दिवशी होतं."

"समजलं, समजलं," ते म्हणाले आणि त्यांनी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथं पाळीच्या गोळ्या मिळाल्या. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. डॉक्टरनं दिलंय म्हटल्यावर दिलंय.

दिवस राहिले तशा गोळ्या बंद झाल्या. पाळीही बंद. पण वैजूचं ते काही बंद झालं नाही. मग पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या डोक्याला तारा लावल्या, आणि बाळंत झाल्यावर मशिनीत घालून बघितलं. सगळं चांगलं निघालं. "अंघोळ करताना, गॅसपाशी असताना असं कधी झालंय?" त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, नाही. रोज अंघोळ करते, रोज स्वयंपाक करते, कधी काही नाही. "समजलं," ते म्हणाले. "घरात काही ताण आहे का?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुनेशेजारी सासू बसलीय म्हटल्यावर ताण त्यांना आयताच सापडला.

घरी आक्कावन्सं होत्या. त्यांचं सासर साताऱ्याला, बाळंतपणात मदतीला म्हणून येऊन राहिल्या होत्या. त्यांनाही लगेच समजलं. "शुक्रवारीच होतं ना? मग देवीचं आहे. वर अजून अजून म्हणून मागतेय, ऐकतेस ना?" आम्ही देवीची ओटी भरली. काही फरक नाही म्हणून अजून एक भरली. बाळंतपणात तर ते आठवड्यातून तीन तीनदा व्हायला लागलं, तेव्हा मग ओट्या भरायच्या तरी किती?

त्या दिवशी पोर मांडीवरून घसरलं आणि वन्संनी मनातलं बोलून टाकलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वैजू आत पोराला पाजत होती. तिच्याजवळ शेजारची काकू बसवली होती, कारण पोर एकटीच्या हातात द्यायचं नाही असा आता घरात नेमच झाला होता.

"हेमंता," वन्सं म्हणाल्या, "सोमवारी पुण्याची तारीख आहे ना? त्या डॉक्टरनं काही धड सांगितलं तर ठीक. नाहीतर मंगळवारी पोर मी साताऱ्याला नेते. वरच्या दुधावर वाढतात पोरं. वर्षभर सांभाळते, हिचं बरं झालं की आणून देते."

हेमंत ताटात बघत राहिला. मी म्हटलं, "वन्सं, तीन महिन्यांचं पोर आईवेगळं करायचं?"

"आईच्या मांडीवरून फरशीवर आपटू द्यायचं का मग?"

त्या वाईट नव्हत्या. पोरावर जीव होता त्यांचा. म्हणून तर मला उलटं बोलता येईना.

संध्याकाळी मी वैजूचे केस विंचरत होते. तिनं सगळं ऐकलं होतं. आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत.

"आई, मला खांबाला बांधून बसवा," ती म्हणाली. "बांधूनच तिला माझ्याजवळ द्या. पण नेऊ देऊ नका."

मी खेकसलेच. "गप बस. मान सरळ धर," म्हटलं आणि फणी अशी ओढली की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. खरं तर माझ्याच डोळ्यांत आलं होतं, ते तिला दिसू नये म्हणून मी जोरात ओढली.

सोमवारी आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. मी, हेमंत, वैजू आणि मैथिली. वन्सं घरीच राहिल्या. पोराची झबली धुऊन, वाळवून, पिशवीत भरून ठेवते म्हणाल्या. ती पिशवी बघूनच मी घरातून निघाले होते.

दवाखान्यात कळलं, मोठे डॉक्टर परदेशी गेलेत. त्यांच्या जागी नवीन बाई आल्यात, म्हैसूरकडच्या. डॉक्टर नागवेणी. चाळिशीच्या असतील, सावळ्या, लांब वेणी. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "मला मराठी थोडा थोडा येतो. हळू बोला. चालेल?"

माझं डोकंच फिरलं. एवढं पहाटे उठून यायचं, उद्या पोर जायचं का राहायचं ते ठरायचंय, आणि समोर ही, जिला माझी भाषा येत नाही. मी हेमंतला हळूच म्हटलं, "चल उठ. आंधळ्यापुढं नाच आणि बहिऱ्यापुढं गाणं कशाला?"

"आई, बसा," वैजू म्हणाली. "आलोय तर सांगू."

मग मीच सांगायला घेतलं. डोळे कसे लागतात, ओठ कसे हलतात. "आणि मागच्या वेळी तर हात असा आपटला, की दोन बांगड्या वाढल्या."

"वाढल्या?" बाईंनी पेन थांबवलं. "दोन होता, मग चार झाला?"

हेमंतला हसू आलं. मी म्हटलं, "नाही हो. वाढल्या म्हणजे फुटल्या. सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. अशुभ. वाढली म्हणायचं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग वैजूच्या हातांकडे, मग परत माझ्याकडे. "म्हणजे तुम्ही एक बोलतो, अर्थ दुसरा असतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मग आता मी सगळा शब्द विचारणार. राग नाही मानायचा."

मला मनातून बरं वाटलं. राग होताच, पण जरा उतरला.

वैजूनं जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर आणली होती. बाईंनी एकेक उलटून बघितलं. "हा गोळी पाळीचा आहे. का दिला? पाळीत होतो काय हा त्रास?"

"छे," वैजू म्हणाली. "पाळीचं काही नाही. दिवस गेले होते तेव्हाही व्हायचं."

"मग का दिला?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "मी तर त्यांना नीट सांगितलं होतं. न्हायच्या दिवशी होतं म्हणून."

"समजला नाही," बाई म्हणाल्या. "न्हायच्या म्हणजे काय?"

तीन वर्षांत मला एकही डॉक्टर, एकही शहाणा माणूस 'समजलं नाही' असं म्हणाला नव्हता. मी तोंडावर हात मारला. "अगंबाई, न्हाणं माहीत नाही? एवढी लांब वेणी घेऊन बसलाय आणि?"

"अंघोळ काय?"

"अंघोळ वेगळी, न्हाणं वेगळं. अंघोळ अंगावरून. ती रोज. न्हाणं डोक्यावरून, केस धुवायचे. ते आठवड्यातून एकदा. पाळीनंतरही न्हातात, त्या डॉक्टरांनी तेच धरलं असणार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसा करता? सगळा सांगा. पहिल्यापासून."

मला कुणी पहिल्यापासून सांगा म्हटलं की मी थांबत नाही. शिवाय आमच्या घरच्या न्हाण्याचा मला अभिमान होता. मी सांगितलं, तांब्याचा बंब आहे, सासूबाईंच्या वेळचा. भुसभुशीत लाकूड चालत नाही, बाभळीचंच लागतं. पाणी असं तापलं पाहिजे की वाफेनं न्हाणीघरात समोरचं माणूस दिसू नये. कोमट पाण्यानं शिकेकाई निघत नाही आणि डोक्यातला थंडावाही जात नाही. हिला पाटावर बसवायचं, मान खाली घालायला लावायची, आणि मी वरून तांब्यावर तांब्या ओतायचा. धार तुटू द्यायची नाही. "बाळंतपणात तर एक दिवसाआड घातलं मी तिला. सख्ख्या आईनं घातलं नसतं असं. विचारा तिला."

"खरंय," वैजू म्हणाली. "आई फार मायेनं घालतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणी ओतताना ही काही बोलतो?"

"बोलते की. तिला आवडतं. पहिल्यांदा म्हणते, पुरे. मग चांगलं कढत पाणी डोक्यात मुरलं की म्हणते, अजून. मी म्हणते घे. ती म्हणते अजून. मी ओतत राहते. शेवटी मीच हाताला धरून उठवते, नाहीतर ती अजून, अजून..."

आणि मी थांबले.

हेमंतनं माझ्याकडे बघितलं. वैजूनं बघितलं.

"मी असं म्हणते?" वैजू म्हणाली. "न्हाणीघरात? आई, मी तर दर वेळी पुरे म्हणते. पुढचं मला नाही आठवत."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. इतका वेळ ताठ बसलेलं माणूस सैल झालेलं मी बघितलं. "आमच्याकडे, म्हैसूरला, मी खूप बघितला हा," त्या म्हणाल्या. "ही फिट आहे. पण गरम पाण्याचा. डोक्यावर कडक पाणी ओतला, ओतला, की काही माणसाच्या मेंदूत फिट चालू होतो. ओसरीवर चालू नाही होत. आत, पाटावरच चालू होतो. अजून म्हणतो ना, तेव्हा. ओसरीवर तुम्हाला त्याची शेपूट दिसतो."

"म्हणजे देवीचं नाही?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"देवीचा नाही. पाळीचा नाही. सासूचा पण नाही," बाई म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या. "बंबाचा."

हेमंत पहिल्यांदा बोलला. "मग लग्नाआधी का नव्हतं होत?"

"माहेरी बंब नव्हता," वैजूच म्हणाली. "हापशाचं पाणी. थंडीत त्यात थोडं ऊन पाणी घालायचं. तेवढंच."

त्यांनी सांगितलं ते मी शब्द न शब्द पाठ केलं. डोक्यावर कढत पाणी नाही. केस धुवायचे ते कोमट पाण्यानं, थोडं थोडं ओतून, मध्ये थांबून. पहिल्या काही वेळा तर ओल्या फडक्यानंच पुसून घ्यायचं. पोर अंगावर पीत होतं म्हणून आत्ताच गोळी नको, आधी पाणी बदलून बघू. न्हाण्याशिवाय कधी झालं तर लगेच यायचं. मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी सगळा प्रवास केला होता.

"आणि पोर? पोर हिच्याजवळ एकटीजवळ द्यायचं का?"

"न्हाणं झाल्यावर तासभर दुसरा कोणीतरी घ्या, दोन-तीन वेळा. काही नाही झाला तर द्या की," बाई म्हणाल्या. "आईच आहे ती."

वैजूनं पदर डोळ्यांना लावला आणि तिथंच, परक्या खोलीत, हुंदके देऊन रडली. मी तिला रडू दिलं. उठताना मी बाईंना म्हटलं, "तुमचे हात द्या बघू." त्यांचं माप नजरेनंच घेतलं. पुढच्या खेपेला हिरव्या बांगड्या नेल्या आणि भरल्यासुद्धा. तोवर त्यांचं मराठी सुधारलं होतं. मी दारातून आत गेले की विचारायच्या, "काय आई, काही वाढलं नाही ना?"

घरी आलो तर पिशवी दारातच भरून ठेवलेली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "नुसत्या पाण्यानं?" त्या म्हणाल्या. "पाण्यानं कधी कुणाला असं झालंय का? मी शुक्रवार बघून जाते." पिशवी त्यांनी रिकामी केली नाही, नुसती उचलून कोनाड्यात ठेवली.

शुक्रवारी मी बंब पेटवला नाही. पातेल्यात पाणी कोमट केलं. खरं सांगते, हात धजत नव्हता. असल्या पाण्यानं न्हाऊ घालायचं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढल्यासारखं वाटत होतं. वैजू पाटावर बसली. मी ओलं फडकं फिरवलं, जरासं पाणी घातलं, थांबले. परत घातलं, परत थांबले. कान तिच्या तोंडाकडे.

"पुरे," वैजू म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला. वाट बघितली. पुढं काही नाही. तिनं केस पिळले, उठली आणि आपल्या पायांनी बाहेर गेली.

ओसरीवर ती बसली, आम्ही दोघी समोर बसलो, पोर वन्संच्या मांडीवर. तिचे डोळे लागतात का ते आम्ही बघत होतो आणि ती आमच्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "आई, असं टक लावून बघू नका. मला हसू येतंय." केस वाळले. काही झालं नाही. पुढचा शुक्रवार गेला, त्याच्या पुढचा गेला. वन्संचं "बघून जाते" काही संपेना. पिशवी कोनाड्यात होती तशीच होती.

चौथ्या शुक्रवारी न्हाणं होऊन बराच वेळ झाला होता. पोर रडायला लागलं तसं वैजूनं वन्संसमोर हात पुढं केले. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पोर दिलं. वैजू आतल्या खोलीत गेली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या मागोमाग कुणी गेलं नाही.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसलो. दोघींचंही लक्ष शेंगांत नव्हतं. आणि आतून आवाज आला.

"अजून."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"अजून? अजून?"

मी धावले. मागं वन्सं. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून मी आत गेले. वैजू भिंतीला टेकून बसली होती, केस मोकळे, मान खाली. मैथिली तिच्या पदराखाली. पोरानं तोंड बाजूला घेतलं होतं आणि परत शोधत होतं, आणि वैजू तिच्या गालाला बोट लावून तिला चिडवत होती. "अजून पाहिजे? एवढं प्यालीस तरी अजून? खादाड कुठली."

तिनं वर बघितलं. डोळे लख्ख, माझ्यावर. "काय झालं आई?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाज तिला."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. वन्सं कोनाड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी खाली काढली होती आणि एकेक झबलं काढून परत दोरीवर टाकत होत्या.

"वाळलेलीच आहेत ती वन्सं," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "जरा ऊन लागू दे."